मधल्या वेळचं

हेल्मीच्या गळ्यात दोन गाठी निघाल्या,
मसुराच्या दाण्याएवढ्या.
थंडर बेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा आठवडे तोंड बंद.
हेल्मीने पाटीवर लिहिलं : सॉना चालेल का?

पहिला अल्बम लोकांनी उचलून धरला होता.
दुसऱ्यासाठी टोरॉन्टोहून दर सोमवारी फोन,
कधी, कधी, कधी.
आमच्याकडे अकरा गाण्यांचे अकरा सांगाडे
आणि मुकी गायिका.

रसेल म्हणाला, छोटं काहीतरी करू.
चार गाणी, दहा इंची तबकडी.
पोटभर नाही, नुसतं मधल्या वेळचं,
दुपारी चारला पोटात खड्डा पडतो तेवढ्यापुरतं.

मधल्या वेळचं मला कळतं.
पहाटे तीनला मी बेकरीत पर्शियन तळते,
आमच्या गावचा गोड पाव, वर गुलाबी साखरेचा लेप.
साखर पेरांत राहते, ड्रमच्या काठ्या बोटांना चिकटतात,
म्हणून माझा ठेका केसभर उशिरा सुटतो.
एका समीक्षकाने त्याला शैली म्हटलं.
मी हात धुणं कमी केलं.

मार्च. बोहदानच्या मावशीचं गॅरेज.
हीटर गुणगुणतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी बंद.
तिसऱ्या मिनिटाला रसेलची बोटं बधिर व्हायची,
गाणं तिथेच संपायचं.
पुढे लोकांनी विचारलं, एवढा संयम कुठून आणलात?

पहिली दोन बिनशब्दांची.
तिसऱ्यात तर आम्ही नाहीच.
धान्याच्या कोठारांपलीकडे, गोठलेल्या सरोवरावर
रसेलने माइक उपडा घालून रात्रभर ठेवला.
आत काहीतरी लांबच लांब फाटत जातं,
मग कुणी दार लावल्यासारखं.
त्याचा काका तिथे भोक पाडून मासे धरतो.
तो म्हणाला, बर्फ बोलतोय तोवर बसा,
गप्प झाला की उठा.
आम्ही कुणीच हेल्मीकडे पाहिलं नाही.

चौथ्याला शब्द होते. तिचेच.
तिने पाटी माझ्यासमोर धरली : तू म्हण.
मी? मी तर वाढदिवसालाही नुसते ओठ हलवते.
तिने पुसलं, आणि तेच पुन्हा लिहिलं,
मोठ्या अक्षरात.

ती समोर उलट्या बादलीवर बसली, गुडघ्याला गुडघा लावून.
आवाज न काढता एकेक ओळ ओठांनी म्हणत गेली,
मी तिच्या तोंडावरून वाचत गेले,
केसभर उशिरा.
दुसऱ्या कडव्यात मी श्वास घ्यायला विसरले.
तिने घेतला.
तो तबकडीवर आहे, नीट कान दिला तर :
आवाज एकीचा, श्वास दुसरीचा.
बोहदान म्हणाला, पुसून टाकू का?
हेल्मीने पाटीसुद्धा उचलली नाही, नुसतं पाहिलं.

तीनशे प्रती. वेष्टनं आमच्या स्वयंपाकघरात दुमडली,
काहींच्या घडीत मैदा गेला असेल.
एकाने छापलं : पुढच्या अल्बमची वाट पाहताना चालून जाईल.
खरंच होतं ते.

मेमध्ये बर्फ सुटला, तिचा आवाजही,
थोडा खाली उतरून आलेला, जिन्यावरून आल्यासारखा.
दुसरा अल्बम झाला. चांगला झाला.
सोमवारचे फोन थांबले.
विनिपेगला एकाने अंधारातून चौथं गाणं मागितलं,
तर हेल्मी माइक सोडून पाणी प्यायला गेली
आणि आलीच नाही.
मला म्हणावं लागलं.

परवा बेकरीत लाकडाच्या ट्रकवाला कुणी आला,
सहा पर्शियन घेतले, सुटे शोधताना गुणगुणायला लागला.
बेसूर. चाल तीच.
दुसऱ्या कडव्यात, हेल्मीच्या जागी,
तो थांबला, श्वास घेतला, पुढे गेला.

मी कागदात पाव गुंडाळत होते.
बारा डॉलर, मी म्हटलं,
जरा उशिरा.