खडूची रेघ

ऋतिका कच्छवेनं रायफल टेबलावर ठेवली
आणि म्हणाली, चाचा, ही मागची मूठ काढा,
डाव्या अंगाला लावून द्या.
पॉइंट टू टू. क्लबाची. बनावट जर्मन.
जगात जर्मनी, देशात परभणी,
दोन्ही एका टेबलावर आले
म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

स्कूटीवरून पडल्यापासून तिचं उजवं कोपर
मागं जातच नाही म्हणाली.
मॅगझिन पाच गोळ्यांचं, गोळ्या साठ,
म्हणजे बारा वेळा गाल उचलायचा,
वाकडं होऊन मूठ ओढायची,
आणि गालानं पुन्हा आपली जागा शोधायची
अंधारात चप्पल शोधावी तशी.

मी दस्तगीर शिकलगार.
आजानं तलवारींना पाणी दिलं, अब्बांनी विळ्यांना धार,
माझ्याकडं लायसन आहे आणि एक मिलिंग मशीन.
कापायला वीस मिनिटं.

बाजूला नेली तर गाल हलणार नाही, हे खरं.
पण डावा हात सोडला की नळी डुलते.
पण तिच्याखाली वाळूची थैली असते.
पण उभ्यानं मारायचं झालं
तर थैली काय हवेत टांगणार?
पण उभ्यानं मारायला खांदा तरी कुठं राहिलाय.

आणि फट पाडावी लागते.
मूठ पुढं-मागं सरकायला दीड बोटाची फट, भर अंगात.
आमच्याकडं फटीला काही कमी पडत नाही.
काळ्या मातीची धूळ आहे,
दिवाळीनंतर जिनिंगचा कापूस तर हवेतच राहतो,
माझ्या चहात येतो, वजूच्या पाण्यात येतो,
बोल्टला काय सोडणार?
पण फट असली की आतलं दिसतंही.
अडकलेली गोळी बोटानं काढता येते,
आत्ता सगळी बंदूक उलगडावी लागते.

बोल्टबरोबर धावणारी मूठ असली
तर अंगठा सांभाळावा लागतो;
हिंगोलीच्या एका गड्याचं नख
अजून माझ्या ड्रॉवरात आहे, त्यानं परत नेलं नाही.
कागदाचं वेगळंच.
कागदावरचं हत्यार आणि हातातलं हत्यार
एकच राहिलं पाहिजे,
म्हणजे आधी कलेक्टर कचेरी, मग मशीन.

अब्बा म्हणायचे, काढलेलं लोखंड परत येत नाही.
मी म्हणायचो, वेल्डिंगनं येतं की.
ते म्हणायचे, येतं, पण ते दुसऱ्या गावचं असतं.

मोंढ्यात बरं असतं.
पोतं ठेवा, काटा थांबेल तिथं वजन.
माझा काटा रात्रभर थांबला नाही.
सकाळी रिसीव्हरवर खडूनं एक रेघ ओढली,
फट पाडली तर कुठं पडेल ती,
आणि तिला म्हणालो, ने.
आठ दिवस गोळी न भरता चालव.
मूठ इथं आहे असं समज.

ती माझ्याकडं असं बघत होती
जसं उधारी मागायला आलेल्याकडं बघतात.
पण घेऊन गेली.

आठव्या दिवशी आली. काही बोलली नाही.
मी चष्मा लावला.
माझी रेघ होती तशीच होती, कोरी, सरळ,
तिला कुणी हातही लावलेला नव्हता.
तिच्या पुढं दोन बोटांवर मात्र
लोखंड घासून घासून चकाकत होतं,
रोज रोज तिचा हात तिथं जाऊन
नसलेली मूठ ओढून आला होता.

मी कापलं असतं तर चुकीच्या जागी कापलं असतं.
हे मी तिला सांगितलं.
मग आता बरोबर जागी कापा, ती म्हणाली.

खडू माझ्या हातात आहे.
जुनी रेघ पुसली, नवी अजून ओढलेली नाही.
बाहेर कुणीतरी गाठी उतरवतंय,
कापूस उडत उडत आत येतोय
आणि त्या चकाकत्या जागेवर बसतोय.
तिथं लोखंड आहे.
अजून तरी आहे.