निम्मं तिचं, निम्मं माझं

मनकर्णा तारी, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम तळाशिल.
खाली डॉक्टर नेवगींचं अक्षर:
पडली नाही, मार नाही, तरी दंड काळा.

दंड मी पाहिला.
माकूल फुटून शाई पसरावी तसा, कोपराखालीही उतरलेला.
सुई टोचली तिथे कापूस दाबून
तिचा गजा अर्धा तास उभा.
"साठ वर्सां कालवां फोडलंय," ती म्हणाली,
"कोयती लागली काय चुना लावलंय, रगात थांबला.
आताच ह्या काय झाला?"

माझं काम सेकंद मोजायचं.
तिच्या रक्ताची गुठळी धरायला शहाण्णव लागले,
माझ्या रक्ताला तीस.
काही कमी पडत असेल तर दुसऱ्याचं घालून भरून निघतं.
म्हणून निम्मं तिचं घेतलं, निम्मं निरोगी माणसाचं.
ओरोसच्या आमच्या लॅबात निरोगी म्हणजे मीच,
सकाळी उपाशीपोटी काढलेला.

एक्केचाळीस.
भरून निघालं की! मी पेन उचललं.
नेवगीबाई म्हणाल्या, थांबा.
अंगाच्या उबेला ठेवा दोन तास.

दोन तास एका नळीत ती आणि मी,
सदतीस डिग्रीला.
मी कँटीनला उसळपाव खाऊन आलो.
मग मोजलं. एकोणऐंशी.

तिच्यातल्या कुणीतरी
माझंही निकामी करून टाकलं होतं, सावकाश,
खाजणाचा बांध फुटतो
आणि विहिरीला ते दुपारपर्यंत कळत नाही, तसं.

गजाला सांगताना माझी जीभ अडखळली.
शरीराचे पहारेकरी, म्हटलं, घरच्याच माणसाला
चोर समजून धरतायत.
खाटेवरून ती म्हणाली,
"म्हंजे राखणदार कोपलो."
नेवगीबाई हसल्या नाहीत.
हो, म्हणाल्या, त्याला झोपवायचा आहे.
पण तो झोपला की खरे चोरही येतील.
ताप आला तर रात्रीच निघा, उजाडायची वाट बघू नका.

इंजेक्शन बांबोळीहून आलं,
थर्माकोलच्या पेटीत, बर्फात.
तिने पेटी नाकाशी नेली.
"हेका वासच नाय. किती पडले?"
गजाने होडीचं इंजिन विकलं होतं.
"सरकारी आसा, आये," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं.
गोळ्यांनी चेहरा फुगला, साखर चढली, झोप गेली.
पहाटे साडेतीनला ती वॉर्डाच्या भिंतीला सांगायची
आज सुकती कधी लागेल ते.

सहाव्या आठवड्यात पुन्हा निम्मं-निम्मं, पुन्हा दोन तास.
सत्तेचाळीस.
अजून आहे तो आत. पण पेंगतोय.

"तां निम्मा कोणाचा घालतस?" तिने विचारलं.
माझं, म्हटलं.
तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
कल्ले उचलून मासा बघतात तसं.
"कालवां खातस?"
खातो.
"मगे बरा."