तारेला काकण

ग्रिम्सबी. रात्रीचे सव्वादोन.
मासळीच्या शीतगृहातला चार नंबरचा फ्रीझर
तीन रात्री ह्याच सुमारास बंद पडतोय.
आरसीडी खाली येतो, कुणीतरी वर करतं,
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.
आत सहा टन हॅडॉक, बाहेर एक मॅनेजर,
दोघंही विरघळायच्या बेतात.

पॅनेल उघडण्याआधी मी बांगड्या उतरवते,
गळ्यातलंही.
डब्यात ठेवते, लोणच्याच्या पुडीशेजारी.
हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
इथे काकणच नको.

ट्रेव्हर ब्लँचर्डला अंगठी काढावी लागत नाही.
ती ज्या बोटात होती ते बोट
अठ्ठ्याऐंशी साली बसबारपाशी राहिलं.
त्याविषयी तो बोलत नाही.
मीटर माझ्या हाती देताना
ती रिकामी जागा अंगठ्याने चोळतो, एवढंच.

माझे वडील कासार. कराडात दुकान, तीन फूट रुंद.
हात हातात घेऊन आधी नुसता दाबून बघायचे,
मग म्हणायचे, सैल सोड, बाई, सैल.
ज्या हाताला घाई त्याच हातात काच फुटते.

मीही भरतेच की. तारेला.
मुठीवर एक उंचवटा असतो, तो उंबरठा.
बोटं त्याच्या अलीकडे,
जबडा कितीही ओळखीचा झाला तरी.
कॅट थ्री, सहाशे व्होल्ट: रोज वाचलेलं आजही वाचायचं.
प्रोबच्या तारा काढून ठेवलेल्या.
डावा हात खिशात, त्याला इथे काही काम नाही.
आणि सगळ्याच्या आधी, चालू तारेवर एकदा परीक्षा:
जे मीटर जिवंत तारेवर बोलत नाही
त्याचं मेल्या तारेवरचं मौन
खरं मानू नये.

पहिल्या वर्षी मी अख्खी केबल पकडली होती,
जाणारी आणि येणारी, दोघी एकाच काकणात.
आकडा शून्य.
"बंद आहे," म्हणाले, आणि हात पुढे केला.
ट्रेव्हरने मनगट धरलं.
कासाराखेरीज कुणी परक्याने तसं धरलं नव्हतं.
"जेवढी गेली तेवढीच परत आली, म्हणून शून्य.
शून्य म्हणजे घरात कुणी नाही, असं नव्हे."

आज मात्र दोघींना मुद्दाम एकत्र घेते.
हा क्लॅम्प वेगळा, गळती मोजणारा.
अर्थची हिरवी-पिवळी तार बाहेर.
गेली तेवढी आली का, एवढंच विचारायचं.
जबडा मिटतो. टक्.
फट राहिली तर आकडा खोटं बोलतो,
म्हणून पुन्हा बघते.

दोन एकतीस. चार मिलिअँपिअर.
दोन छत्तीस. चार.
ट्रेव्हर थर्मासमधून चहा ओततो, मला देत नाही.
दोन चाळीस. टायमर फिरतो,
बर्फ वितळवणारा हीटर जागा होतो.
नऊ.
सतरा.
सत्तावीस,
आणि खटका. पंखे थांबले की कळतं
आपण इतका वेळ त्यांच्यावरून ओरडत होतो.

हीटरच्या टोकाशी पाणी शिरलेलं.
मेन बंद. कुलूप मी घालते, चावी माझ्याच खिशात,
चिठ्ठीवर माझं आडनाव: कासार.
इथले सगळे ते चुकीचं वाचतात,
पण कुलूप कुणी काढत नाही.
मग व्होल्टेज टेस्टर: आधी जिवंत जागी,
मग इथे, मग पुन्हा जिवंत जागी.

सकाळी पार्किंगमध्ये बांगड्या चढेनात.
रात्रभर हातमोज्यात हात फुगलेला.
ट्रेव्हर बघतो. "ह्याला जबडा नसतो?"
नसतो.
"मग घालता कशी?"

मी त्याचा हात घेते, चार बोटांचा,
नुसता दाबून बघते.
सैल सोड, म्हणते.

सोडत नाही.