गुरुवारचं सूप

कुओपिओत गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं.
शाळेत, कारखान्यात, बराकीत, म्हाताऱ्यांच्या घरात,
सगळीकडे तेच, हिरवट, दाट,
वर मोहरीची एक रेघ.
चार वर्षं मी आठवड्यातून
गुरुवार वगळून जगलो.

आमच्या खेळात हलकं असणं म्हणजे लांब जाणं.
मनोऱ्यावरून सुटायचं, स्की पसरायच्या,
आणि हवेला फसवायचं
की इथे कुणी नाहीच.
रान्ताला सर एकदा हातमोजे काढता काढता म्हणाले,
"काल काय जेवलास ते मला
बर्फावरच्या रेघेवरून कळतं."
ते विसरले असतील.
मी ते वाक्य पोटात ठेवलं.
पोटात दुसरं काही नव्हतंच.

दोन-दोन स्वेटर घालून माणूस बरंच झाकू शकतो,
सॉनात नाही.
डिसेंबरात वडिलांनी दगडांवर पाणी ओतायला डाव उचलला,
वाफेत माझी पाठ पाहिली,
आणि डाव तसाच बादलीत ठेवला.
आमच्या घरात सॉनात बोलत नाहीत.
बाहेरही फारसं नाही.
सकाळी माझ्या बुटात एक चिठ्ठी होती,
एक फोन नंबर, आणि खाली त्यांचं अक्षर:
तिथे मी गाडीने सोडीन.

तुओवीच्या खोलीत ओल्या लोकरीचा वास येतो.
वजनकाटा आहे, पण मी पाठमोरा उभा राहतो,
आकडा तिचा, मला दिसत नाही.
पहिल्या दिवशी मी नुसता काट्याकडे पाहत होतो,
तशी तिने त्याच्यावर आपली शाल टाकली,
पिंजऱ्यातल्या पोपटावर टाकतात तशी.
जेवणाबद्दल तिने विचारलंच नाही.
विचारलं, "ते वाक्य येतं ते कुणाच्या आवाजात?"
मी म्हणालो, सरांच्या.
तीन आठवड्यांनी म्हणालो, माझ्याच.
मग ती बराच वेळ काही बोलली नाही,
आणि मी रडलो तर नाकच गळत राहिलं.

सोपं काही नव्हतं.
तिने डबा उघडून राईची भाकर काढली,
अर्धी माझ्यापुढे, अर्धी स्वतःपुढे,
आणि कुरुमकुरुम आवाज करत खाऊ लागली.
"आज काही जिंकायचं नाहीये," म्हणाली.
मला एका घासाला भिंतीवरच्या घड्याळाची
अकरा मिनिटं लागली.
ती खिडकीबाहेरच्या बसची वाट पाहिल्यासारखी बसून होती.

मार्चमध्ये मी पुन्हा घसरलो.
लोणी लावलेली भाकर टेबलाखालून रेक्कूला.
बहीण ताइमी त्याला इंजेक्शनला घेऊन गेली,
तर पशुवैद्य म्हणाले, कुत्रा फार सुटलाय.
ती आल्या आल्या माझ्याकडे बघत राहिली,
रागाने की हसू दाबून, मला कळेना.
मी तुओवीला सगळं सांगितलं.
तिने लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं,
"रेक्कूला आता डाएटवर नको ठेवू म्हणावं,
त्या घरात एकाचं पुरे झालं."
ती हसली, मग मी.
मन हलकं होतं म्हणतात ते हेच का?
या शब्दाचा हाही अर्थ आहे,
मी विसरूनच गेलो होतो.

मनोऱ्याकडे अजून बघवत नाही.
रात्री कधी कधी सुटल्याचं स्वप्न पडतं,
खाली जमीन येतच नाही,
आणि खरं सांगू, मला ते आवडतं.
हेही तुओवीला सांगितलंय.
ती नको म्हणाली नाही.

आज गुरुवार.
तळ्याकाठच्या वाटेने वडिलांकडे निघालो.
बर्फावर रात्रीची पातळ साय धरलेली,
मागच्या वर्षी मी तिच्यावरून न मोडता गेलो होतो,
आज पाऊल घोट्यापर्यंत आत.
मोजा भिजला. मी शिवी दिली.
मागे वळून पाहिलं तर फाटकापासून इथवर
खड्डेच खड्डे, कुणीतरी आल्याचे.

वडिलांनी पातेलं मध्ये ठेवलं, काही म्हणाले नाहीत.
रेक्कू टेबलाखाली आशेने बसला.
मी मोहरी घेतली, जरा जास्तच झाली,
नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं.
वडिलांनी ग्लास पुढे सरकवला.
मोहरीसाठीच असावा.