न नेलेले सदरे

मे महिन्यात या. आमच्या गच्चीवर चढा
आणि वारा पडलेला असताना गव्हाकडे बघा.
मधोमध एक पट्टा वीतभर बुटका दिसेल,
सरळसोट, वायव्येकडून आग्नेयेला.
चाळीस वर्षं मी नांगरतोय, आधी बाप नांगरायचा,
तिथली माती अजून फाळाला दात दाखवते.

तिथून विमानं उडायची.

फोज्जाच्या या सपाटीवर तेव्हा असे तळ किती,
मोजायला बसलो तर जेवण निवेल.
आमचा त्यातला धाकटा. लष्कराच्या नकाशात नुसता आकडा,
आम्ही म्हणायचो पेत्रुल्लीचं शेत, आजही तेच म्हणतो.
चव्वेचाळीसच्या जानेवारीत ते आले,
ऑलिव्हची अकरा झाडं पाडली,
चिखलावर पोलादी फळ्या अंथरल्या,
एकेकीला भोकांच्या तीन रांगा.
बाप सांगायचा, विमान उतरलं की असा खणखणाट
की खेचरसुद्धा व्यायली असती.

युद्ध संपलं. आठवड्यात तळ रिकामा.
फळ्या राहिल्या.
डुकरांच्या कुंपणाला त्या, कोंबड्यांच्या खुराड्याला त्या,
टोमॅटोच्या वेली त्याच भोकांतून चढतात,
माझ्या लग्नातलं मटण त्यातल्याच एकीवर भाजलं.
लवकर गंजत नाहीत. त्यांच्याकडचं लोखंड चांगलं असावं.

नुन्झियाता आत्या तेव्हा सोळाची.
त्या पोरांचे कपडे धुवायची, मजुरी साबणात.
कॉलरीच्या आत शाईनं एक अक्षर, चार आकडे,
त्यावरून ज्याचे त्याला. नावं तिला वाचता येत नसत,
माणसं ती मळावरून ओळखायची:
हा केसांना तेल लावतो,
हा बाहीला नाक पुसतो,
हा हल्ली रात्री घामानं भिजतो.
सकाळी कपडे वाळत घालताना वर बघून मोजायची.
संध्याकाळी काढताना पुन्हा.
अठ्ठावीस. पंचवीस.
इस्त्री मात्र सगळ्यांची.

शेवटी सात सदरे उरले.
साहेब म्हणाला, ठेव तूच.
कापड ते कापड.
त्या ईस्टरला आमच्या गल्लीतले सात जण
दुसऱ्यांचे आकडे मानेला लावून चर्चला गेले,
त्यात माझा बाप. बाह्या लांब पडल्या, दुमडल्या.

ब्याण्णव साली नेब्रास्काहून एक माणूस आला,
व्हर्लिन कोल्टरमन, मक्याचा शेतकरी, हात माझ्यासारखेच.
खिशात फोटो: तंबू, चिखल, दात काढून हसणारा काका.
विचारत होता, काकाचं विमान उभं कुठं असायचं?
मी त्याला खुराड्यापाशी नेलं. दुसरं काय दाखवणार?
त्यानं एका भोकात बोट घातलं,
पलीकडून कोंबडीनं टोचलं.
दोघंही हसलो. मी थांबलो,
तो थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

आत्यानं पेटी उघडली. बापाचा सदरा,
सातांतला उरलेला एवढा एकच.
कॉलर उलटली. शाई विटकी, पण वाचता येत होती:
एम, पुढं चार आकडे.
त्याच्या काकाचं अक्षर के.
मी पाहिलं. त्यानंही पाहिलं.
आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ती अंगठा फिरवत म्हणाली,
"तेलवाला हा. गुणी पोरगा. साबणाला कधी नाही म्हणाला नाही."
माझं इंग्रजी पन्नास शब्दांचं.
ते सगळे वापरून मी त्याला हे सांगितलं,
फक्त मधे त्याच्या काकाचं नाव घातलं.

सदरा त्यानं घेतला नाही.
आत्याच्याच घड्यांवर घडी घालून परत दिला.
मग त्या बुटक्या पट्ट्यातून चालत गेला, टोकापर्यंत,
येताना एक लोंबी तोडून तळहातावर चोळली, फुंकर मारली,
दाणे मोजले.
"इथं पीक किती येतं?"
निम्मं, मी म्हटलं.
"मग पेरतोस कशाला?"
शेत आहे, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली, दाणे तोंडात टाकले.