एक बदल शिल्लक

खानापुरात, स्टेशन रोडला, माझ्या काउंटरवर
द्वारकाक्का बिर्जेंनी चपात्यांच्या डब्यातून काढली ती तबकडी,
फडक्यात गुंडाळलेली, अजून कोमट.
"आमचा परशराम हाय ह्यात. लावून दे की रे मष्णू."

परशराम बोटीवर वेटर. वास्कोहून गेला.
बोटीवर कुठल्याशा इंग्रजी सिनेमाचं शूटिंग झालं
आणि त्यानं कळवलं: एक तास बारा मिनिटांनी
मी डावीकडून उजवीकडे जातो, हातात ट्रे.
तबकडी त्यानं साउदॅम्प्टनला रोखीनं घेतली,
पावतीसकट पाठवली.
त्यानंतर काही आलं नाही.
ते मी काउंटरवर विचारत नाही.

माझ्या मशीनवर मुक्त प्रणाली आहे.
दुसरी विकत परवडेना, चोरून घालायला मन होईना.
हिच्या परवान्यात लिहिलंय: वापरा, उघडून बघा,
बदला, शेजाऱ्याला द्या,
फक्त त्यालाही पुढं देता येईल असं द्या.
विरजण आळीत फिरतं तसं.

पण तबकडी घातली तर नुसता राखाडी चौकोन.
खाली ओळ: हिला कुलूप आहे.
उघडणारा तुकडा आम्ही सोबत देत नाही,
काही देशांत तो बेकायदा ठरू शकतो.
आपल्या वकिलाला विचारा.

विचारलं. चापगावकर वकील झेरॉक्सला रोज येतात.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, तबकडी कुणाची?
अक्कांची. पावती आहे.
मग किल्ली?
किल्ली तबकडीतच कोरलेली असते, साहेब,
पण ती फिरवायचा हक्क प्लेअरवाल्या कंपनीनं
पैसे भरून, सही करून घ्यायचा.
ह्या प्रणालीला एक असा मालकच नाही. सही कोण करणार?
आणि कायदा काय म्हणतो?
तेच तुम्हाला विचारूलालोय.
ते गरम कागदांचे कोपरे जुळवत राहिले.
"जामिनाचं असतं तर सांगितलं असतं बघ,"
आणि चार पानांचे आठ रुपये ठेवून गेले.

अक्का बाकड्यावर. "काय म्हणूलालाय ते?"
तबकडी विभाग दोनची, अक्का. आपण विभाग पाच.
"म्हंजे हद्दीचंच कायतरी."
होय की.
त्या हसल्या नाहीत. पिशवीतून पेन्शनचा कागद काढला.
"मग हे पण वाच. नाव माझंच हाय म्हणं."
कन्नड येतं त्यांना, बाजारापुरतं, भांडणापुरतं,
शेजारच्या नीलव्वाच्या बाळंतपणापुरतं.
अक्षर येत नाही.
मी वाचलं. नाव त्यांचंच होतं.

ड्राइव्ह जुना, हुबळीहून आणलेला.
विभाग पाचदाच बदलता येतो,
चारदा आधीच्या मालकानं बदललेला.
एक बदल शिल्लक.
तो खर्चला की हा कायमचा तिकडचा,
इथल्या दुकानातली तबकडी ओळखणार नाही.

मी शटर निम्मं ओढलं. का, सांगता येत नाही.
पोलीस समोरच चहा पीत होते,
त्यांचा पेन ड्राइव्ह माझ्याकडेच दुरुस्तीला.
तो तुकडा कुणीतरी, कुठल्यातरी देशात बसून लिहिलाय
आणि दाराबाहेर तांब्या ठेवावा तसा ठेवलाय.
एक ओळ टाइप केली. ती इथं लिहीत नाही.
विभाग बदलू? होय.
हा शेवटचा बदल आहे. होय.

एक तास बारा मिनिटं.
झुंबर, नाचणारी माणसं, एक बाई रडते आहे,
कॅमेरा तिच्यावर.
आणि मागून, धूसर, ट्रे.
मी थांबवलं.
अक्का पडद्याला नाक लागेल इतक्या पुढं झुकल्या.
"थांबवू नको रे. चालू दे.
थांबला की दुसराच कोणतरी वाटूलालाय."

मग तो गेला, डावीकडून उजवीकडे,
एक खांदा पाडून.
अकरा वेळा गेला.

"किती झाले?"
पावतीवर काय लिहावं कळेना.
'साफसफाई' लिहिलं. वीस रुपये.