पायडलची बोट, अर्धा तास

तिकीट खिडकीवर पाटी आहे, निळ्यावर पांढरी :
फुले तोडू नयेत. पाण्यात उतरू नये. निर्माल्य टाकू नये.
खाली कुणी खडूनं लिहिलंय, प्रेम करू नये,
आणि आणखी कुणी त्यातला 'नये' पुसलाय.

नायना पाटी शेवटपर्यंत वाचतात.
मराठी वाचतात ते सावकाश,
तुटलेला धागा सांधावा तशी, अक्षराला अक्षर.
एकेचाळीस वर्षं यंत्रमागावर.
कान तिथंच राहिले,
घाईत डबा विसरावा तसे.

दर रविवारी आणते त्यांना, असं मी सांगते सगळ्यांना.
यंदाची ही तिसरी वेळ.

साडेपाच वाजलेत, पण ऊन सोलापूरचं आहे.
पाण्याच्या तीन नळांपैकी मधला तेवढा चालतो,
तिथं रांग. मुलांची झुकझुक गाडी दुरुस्तीला;
शेवटच्या डब्यात कुत्री निजलीय, चार पिलांसकट.
व्यायामाच्या झोक्यावर दोघी पदर खोचून
पाय हलवत बोलतायत,
हजार विड्यांना आता काय मिळतं
आणि कारखान्यात पान कसं फाटकं देतात.
पलीकडं जलपर्णी काढायचं यंत्र
जलपर्णीतच अडकून बसलंय. त्यावर एक बगळा.

"बोटीत," नायना बोट दाखवून म्हणतात.
बाकी काही बघायचं नाही त्यांना.
मी दोन बोटं दाखवते, पोरगा दोन तिकिटं फाडतो.
"जाकीट घाला की ओ आजोबा!"
आजोबा त्याच्या ओठांकडं बघून हसतात.
जाकीट ओलं, कुणाच्या तरी घामाचं.
बोट बदकाची. बदकाचा एक डोळा उडालेला.

मी दमते आधी. नायना नाही.
त्यांच्या पायांना माहीत आहे हे काम,
एक खाली, एक वर, मध्ये श्वास नाही.
गुडघे तेच, ताल तोच,
फक्त समोर चादर वाढत नाही,
पाणी फाटतं आणि मागं परत विणलं जातं.

तळ्याच्या मध्यावर मी त्यांच्या मांडीवर हात ठेवते. थांबा.
ते थांबतात.
चांदव्यांची एक रांग बुडते, वर येते.
काठावरचा भोंगा, भेळवाला, रस्त्यावरचे हॉर्न,
सगळं पातळ होत होत लांब जातं.
नायना बदकाच्या प्लास्टिकवर तळहात टेकवतात.
नाडी बघावी तसा.
मग माझ्याकडं वळून, मोठ्यानं,
त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही म्हणून
सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं विचारतात,
"लाईट गेली का?"

मी मान हलवते. हो म्हणून.
काय सांगणार?
ते पाय लांब करतात.
लाईट गेल्यावर माग बंद, पण मुकादमाला काही बोलता येत नाही,
ते सुट्टीचे फुकटचे क्षण
तोंडावर गमछा टाकून घ्यायचे ते.
गमछा टाकतात आत्ताही.
पाण्याचा उजेड गमछ्यावर हलतो.

शिट्टी वाजते. एकदा, मग लांब.
"ओ ताई! टाईम संपला की!"
मी ऐकते. पाय पायडलवरच आहेत माझे,
पण जड, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

वरचे चाळीस रुपये मागून घेतले त्यानं, उशीर म्हणून.
पावती दिली नाही.
नायनांनी विचारलं, किती.
मी हातानं सांगितलं, काही नाही.